मेस्मा आणि नव्या कामगार संहितेनंतर कर्मचारी संघटनेच्या हातात काय उरतं?

तुमचा प्रश्न चार ओळींचा आहे, पण त्यात तीन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. तुम्ही ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करता, संघटनेच्या तालुका शाखेचं कोषाध्यक्षपद तुमच्याकडे आहे. तुम्ही लिहिता की मेस्मा (अत्यावश्यक सेवांमधल्या संपावर बंदी घालू देणारा राज्याचा कायदा) पुन्हा लागू झाला, केंद्राच्या कामगार संहिता लागू झाल्या, संप करायची सोय राहिली नाही आणि वर्गणी मागायला गेलं की लोक विचारतात, आता संघटना करणार काय? मग आपण न्यायालयात जायचं का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून लागले, परिसेविका म्हणून निवृत्त झाले आणि नोकरीतला बराच काळ संघटनेची पदाधिकारी होते. वाटाघाटींच्या टेबलावर खूप बसले आहे. वकील मात्र नाही. म्हणून कोणावर कारणे दाखवा नोटीस निघाली असेल तर तिचं उत्तर वकिलाला दाखवूनच द्या. बाकी जे लिहिते आहे ते अनुभवातून.

संप कायदेशीर आहे की नाही, या प्रश्नात आपली माणसं फार गुंतून पडतात. त्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न हा की सरकारला आपल्याशी बोलणं भाग कशामुळे पडतं? त्याचं उत्तर सापडलं की मेस्मानं नक्की काय हिरावलं आणि काय हिरावलं नाही, हे आपोआप कळतं.

पण त्याआधी एक गोष्ट तपासा, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. तुमच्या इमारतीत कोण कोणत्या नियमाखाली काम करतं? तुम्ही नियमित राज्य कर्मचारी असाल तर तुम्हाला 1979 चे महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम लागू. शेजारच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातले जिल्हा परिषदेचे कर्मचारी 1967 च्या जिल्हा सेवा वर्तणूक नियमांखाली. राष्ट्रीय आरोग्य अभियानातले सहकारी करारावर. सफाई आणि सुरक्षा ठेकेदाराकडे. आशाताईंना तर वेतनच नाही, मोबदला आहे. एकाच रुग्णाची सेवा करणारी ही माणसं पाच वेगवेगळ्या कायदेशीर घरांत राहतात. तुम्ही 'आपल्याला संहिता लागू झाली' असं सरसकट लिहिलं आहे, ते त्यामुळे बरोबर नाही. ती कुणाला लागू होते ते पुढे सांगते.

आता मूळ मुद्दा. राज्य सरकारनं आपल्या कर्मचाऱ्यांच्या संघटनेशी वाटाघाटी केल्याच पाहिजेत, असं बांधून घालणारा कायदा आपल्याकडे कधीच नव्हता. राज्यघटनेच्या कलम 19 नं संघटना बांधायचा हक्क दिला. पण त्या हक्कात परिणामकारक वाटाघाटींचा किंवा संपाचा हक्क आपोआप येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच बँक कर्मचाऱ्यांच्या खटल्यात सांगितलं. 1962 मध्ये बिहारच्या कामेश्वर प्रसाद खटल्यात न्यायालयानं आपल्याला एक मोलाची गोष्ट दिली: सरकारी कर्मचाऱ्यांच्या शांततापूर्ण निदर्शनांवर सरसकट बंदी घालणारा नियम घटनाबाह्य ठरवला. पण संप हा मूलभूत हक्क नाही, हेही त्याच निकालात आहे. शिवाय कलम 309 खाली आपल्या सेवाशर्ती सरकारच ठरवतं आणि सरकारच बदलतं. म्हणजे समोर बसलेला मालक नियमही लिहितो आणि विधिमंडळात बहुमतही त्याचंच असतं. खासगी कारखान्यातल्या कामगाराची परिस्थिती अशी नसते. संघटनास्वातंत्र्य, सामूहिक वाटाघाटी आणि सरकारी सेवकांचे संघटनाहक्क यांवरचे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे 87, 98 आणि 151 क्रमांकाचे करार भारतानं स्वीकारलेले नाहीत, त्यामुळे तिथूनही आधार मिळत नाही.

केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी 1966 पासून संयुक्त सल्लागार यंत्रणा आहे. तिथं वेतन-भत्ते, आठवड्याचे कामाचे तास आणि रजा एवढ्या विषयांवर एकमत झालं नाही तर सक्तीच्या लवादाची सोय आहे. आपल्या राज्यात आपल्याला तेवढंही नाही. आपल्याकडे बैठका होतात, त्या परंपरेनं आणि दबावानं.

तरीसुद्धा र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली राज्य कर्मचाऱ्यांनी 1977-78 मध्ये 54 दिवसांचा संप केला. केंद्राइतका महागाई भत्ता हा त्याचा गाभा होता. तेव्हाही वर्तणूक नियमांची आडकाठी होतीच. आज आपण जे वेतन आयोग, भत्ते, रजा गृहीत धरतो त्यांतलं बरंच अशा दबावातून आलं आहे. जे सामर्थ्य मुळात कायद्यानं दिलंच नव्हतं, ते कायद्यानं पूर्णपणे काढूनही घेता येत नाही. कायदा त्याची किंमत वाढवू शकतो, आणि मेस्मानं तेच केलं.

मेस्माची रचना समजून घ्या. तो कायम सगळ्यांच्या डोक्यावर चालू असतो असं नाही. सरकार एखादी सेवा अत्यावश्यक ठरवून ठरावीक मुदतीसाठी तिच्यातल्या संपावर बंदीचा आदेश काढतं. त्यानंतरचा संप बेकायदा ठरतो, अटक विनावॉरंट होऊ शकते आणि शिक्षा तुरुंगाची आहे. संपाला चिथावणी देणंही गुन्ह्यात येतं, हे पदाधिकाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवायचं. रुग्णालयं या यादीत नेहमीच असतात. म्हणून तुमच्या शाखेनं पहिला प्रश्न हा विचारायचा: आज आपल्या सेवेसाठी असा आदेश अस्तित्वात आहे का, त्याची तारीख काय, मुदत कधी संपते? 'मेस्मा लागलाय' अशी आवई माझ्या काळात बऱ्याचदा उठायची आणि कागद मागितला की कोणाकडे नसायचा. कागद हातात घेतल्याशिवाय घाबरायचंही नाही आणि बेफिकीरही राहायचं नाही.

आता तो प्रत्यक्षात कसा वापरला गेला ते पाहा. मार्च 2018 मध्ये अंगणवाडी सेविकांना मेस्मा लावला. ज्या बायकांना सरकार कर्मचारी मानायला तयार नव्हतं, ज्यांना वेतनाऐवजी मानधन मिळत होतं, त्यांच्यावर अत्यावश्यक सेवेचा कायदा! विधानसभेत गदारोळ झाला, सत्तेतल्या मित्रपक्षाचे आमदारही विरोधात उभे राहिले आणि मुख्यमंत्र्यांना त्या आदेशाला स्थगिती जाहीर करावी लागली. न्यायालयाचा निकाल यायच्या आत हे घडलं. का घडलं? कारण प्रत्येक आमदाराच्या मतदारसंघात, प्रत्येक गावात एक अंगणवाडी आहे आणि त्या बाईला गाव ओळखतं.

जानेवारी 2023 मध्ये वीज कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांनी समांतर परवान्याच्या (त्याच भागात दुसऱ्या कंपनीलाही वीजवितरणाची मुभा) नावाखाली होणाऱ्या खासगीकरणाविरुद्ध 72 तासांचा संप पुकारला. मेस्मा लावलेला होता. संप सुरू झाला त्याच दिवशी उपमुख्यमंत्र्यांबरोबर बैठक झाली आणि आश्वासन घेऊन तो मागे घेतला गेला. इथं राज्यातल्या तिन्ही वीज कंपन्यांतल्या छोट्या-मोठ्या संघटना एका कृती समितीत होत्या. त्यांच्यापैकी कोणाला फोडून वेगळी बैठक घेता आली नाही.

आणि मार्च 2023 चा जुन्या पेन्शनचा (1 नोव्हेंबर 2005 पासून रुजू झालेल्यांना ती बंद झाली होती) संप तुम्ही स्वतः पाहिला असेल. 14 मार्चला संप सुरू झाला आणि मेस्माचं विधेयक त्याच दिवशी विधिमंडळानं मंजूर केलं, कारण आधीच्या कायद्याची मुदत संपली होती. 20 मार्चला मुख्यमंत्र्यांशी चर्चा होऊन संप मागे घेतला गेला. तेव्हा आपल्यातल्या पुष्कळांना वाटलं की हरलो. पण पुढचा क्रम लावून बघा. निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती बसली. जानेवारी 2024 मध्ये मंत्रिमंडळानं, ज्यांच्या पदांची जाहिरात 1 नोव्हेंबर 2005 च्या आधीची होती पण जे नंतर रुजू झाले, त्यांना जुन्या योजनेचा पर्याय दिला. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राची एकीकृत निवृत्तिवेतन योजना राज्यानं स्वीकारली, तिच्यात 25 वर्षं सेवा झालेल्याला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या 50 टक्क्यांची हमी आहे. जुनी पेन्शन आली नाही, हे खरं आहे आणि ते मला सलतं. पण 2005 पासून 'हा विषय संपला' असं सांगणाऱ्या वित्त विभागाला हमीचं तत्त्व मान्य करावं लागलं. सात दिवसांच्या त्या संपानं हा विषय निवडणुकीच्या मैदानात नेऊन ठेवला होता.

आता उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी तुम्हाला खोटा धीर देतेय असं होईल. तामिळनाडूत जुलै 2003 मध्ये सरकारनं अत्यावश्यक सेवा कायद्याखाली सुमारे दोन लाख कर्मचाऱ्यांना चौकशीविना एकदम बडतर्फ केलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 6 ऑगस्ट 2003 च्या टी. के. रंगराजन निकालात न्यायालयानं सांगितलं की सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत हक्क नाही, कायदेशीर हक्क नाही आणि नैतिक आधारही नाही. बहुतेकांना बिनशर्त माफी लिहून देऊन परत जावं लागलं. त्या निकालाचा हवाला संपाविरुद्धच्या सरकारी परिपत्रकांत आजही देतात. नंतर 2004 च्या लोकसभा निवडणुकीत तिथल्या सत्ताधारी पक्षाला राज्यात एकही जागा मिळाली नाही, आणि त्याच महिन्यात मुख्यमंत्री जयललितांनी कर्मचाऱ्यांवरच्या कारवाया मागे घ्यायची घोषणा केली. पराभवाला कारणं अनेक होती. पण माघारीच्या यादीत कर्मचारी होते, ही गोष्ट मी प्रत्येक तरुण पदाधिकाऱ्याला सांगत आले. मात्र त्या मधल्या महिन्यांत ज्या घरांत पगार आला नाही, त्या घरांची किंमत कुणीच भरून दिली नाही. संपाची हाक देणाऱ्यानं ही किंमत आधी डोळ्यांसमोर आणायची.

यातूनच तुमच्या न्यायालयाच्या प्रश्नाचं उत्तर निघतं. न्यायालयात जावं, पण कशासाठी ते ठरवून. एखाद्याचं निलंबन, चौकशी न करता केलेली शिक्षा, बदल्यांमधली सूडबुद्धी, निदर्शनांवरची सरसकट बंदी, एकाच कामाला दोन वेतनं, अशा बाबतींत न्यायालय आणि प्रशासकीय न्यायाधिकरण आपल्या कामाचं आहे. तिथं नियम आपल्या बाजूला असतात. पण 'मेस्मा रद्द करा', 'आमचा संपाचा हक्क मान्य करा' अशी याचिका घेऊन जाल तर रंगराजन निकाल समोर येईल आणि वर आणखी एक प्रतिकूल निकाल आपल्या नावावर जमा होईल. एसटीच्या विलीनीकरणाचा 2021-22 चा संप पाच महिन्यांहून जास्त चालला. शेवटी कर्मचारी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानं परतले आणि न्यायालयानं त्यांच्या नोकऱ्या वाचवण्याच्या बाजूनं भूमिका घेतली. विलीनीकरण मात्र मिळालं नाही. माणूस वाचवायला न्यायालय उपयोगी पडतं, मागणी मान्य करून घ्यायची जागा ते सहसा नसतं.

आता कामगार संहितेकडे येऊ. औद्योगिक संबंध संहिता 2020 मध्ये संमत झाली आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तुमच्यासारख्या वर्तणूक नियमांखालच्या नियमित कर्मचाऱ्याचं रोजचं आयुष्य तिच्यामुळे फारसं बदलत नाही. सरकारची सार्वभौम कार्यं तिनं 'उद्योग' या व्याख्येतून वगळली आहेत. सरकारी रुग्णालय त्यात बसतं का, यावर वाद होणारच, कारण 1978 च्या बंगलोर वॉटर सप्लाय निकालानं रुग्णालयांना उद्योग मानलं होतं. पण तुमच्या रुग्णालयातल्या ठेकेदाराच्या सफाई कामगाराला, रुग्णवाहिकेच्या चालकाला ती थेट भिडते. त्यांना आता संपासाठी नोटीस द्यावी लागेल, नोटिशीनंतर 14 दिवस थांबावं लागेल आणि ती नोटीस 60 दिवसांपर्यंतच ग्राह्य धरली जाईल. तडजोडीची बोलणी सुरू झाली की तेवढ्या काळात संप करता येणार नाही. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी नैमित्तिक रजा घेतली तर तोही संपच. आपल्या लोकांची ही आवडती पळवाट होती, ती बंद झाली. आणि एकाहून अधिक संघटना असतील तिथं हजेरीपटावरच्या 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटनाच वाटाघाटी करणारी ठरेल. तसं कोणीच नसेल तर निदान 20 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनांच्या प्रतिनिधींची वाटाघाटी परिषद. महाराष्ट्राच्या 1971 च्या मान्यता कायद्यात मान्यतेसाठी 30 टक्के सभासदत्व पुरत होतं. आकडा वाढला की लहान संघटनांना एकत्र यावं लागणार किंवा बाहेर पडावं लागणार.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच ठिकाणी. संपबंदीचा हल्ला ढोल वाजवत येतो, त्याविरुद्ध लोक एकत्र तरी होतात. संघटनेचा पाया पोखरणारे बदल गुपचूप येतात. एप्रिल 2023 मध्ये टपाल खात्यानं दोन मोठ्या संघटनांची मान्यता काढून घेतली. शेतकरी आंदोलनाला आणि बाहेरच्या कामगार संघटनेला निधी दिला, तो 1993 च्या मान्यता नियमांचा भंग आहे, असं कारण दिलं. कोणताही नवा कायदा करावा लागला नाही. मान्यता गेली की बैठकीचं निमंत्रण जातं, पगारातून वर्गणी कापायची सोय जाते, पदाधिकाऱ्याला मिळणारी सवलत जाते.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याचं उदाहरण मी शिबिरांमध्ये नेहमी घ्यायची, ते याच कारणासाठी. सरकारी कर्मचाऱ्यांना सामूहिक वाटाघाटींचा हक्क कायद्यानं देणारं ते तिथलं पहिलं राज्य, 1959 साली. 2011 मध्ये गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी 'ॲक्ट 10' आणला. त्यात वाटाघाटी फक्त मूळ वेतनापुरत्या, त्याही महागाईच्या दरापर्यंत. पगारातून वर्गणी कापायला बंदी. आणि दरवर्षी संघटनेनं मतदान घेऊन स्वतःची मान्यता पुन्हा मिळवायची, तीही मतदान करणाऱ्यांच्या बहुमतानं नाही, सगळ्या कर्मचाऱ्यांच्या 51 टक्क्यांनी. जो मतदानाला आला नाही तो विरोधात मोजला जाणार. पोलीस आणि अग्निशमन दलाला त्यातून वगळलं. राजधानी मॅडिसनच्या विधानभवनात हजारो लोक आठवडेच्या आठवडे ठाण मांडून बसले, तरी कायदा झाला. पुढच्या वर्षी गव्हर्नरला परत बोलावण्यासाठी झालेल्या निवडणुकीत वॉकर पुन्हा जिंकले. वर्गणी हाताने गोळा करायची वेळ आली तेव्हा सभासद भराभर गळाले.

2011 मध्येच अमेरिकेतल्या जवळपास तशाच ओहायो राज्यात तसाच कायदा झाला आणि तो टिकला नाही. तिथं नागरिकांना कायदा सार्वमताला टाकायची सोय होती, हे एक कारण. दुसरं कारण आपल्या उपयोगाचं आहे: ओहायोच्या कायद्यानं पोलीस आणि अग्निशमन दलालाही सोडलं नव्हतं. त्यामुळे शिक्षक, परिचारिका, पोलीस आणि बंबवाले एकाच मंचावर आले आणि नोव्हेंबर 2011 मध्ये मतदारांनी तो कायदा सुमारे 61 टक्के मतांनी फेटाळला. विस्कॉन्सिनमध्ये काहींना वगळून कर्मचाऱ्यांत जी फूट पाडली, ती आपल्याकडे आधीच आहे: नियमित आणि कंत्राटी, 2005 आधीचे आणि नंतरचे, खात्याचे आणि जिल्हा परिषदेचे. मेस्माहून मला या फुटीची भीती जास्त वाटते.

आता प्रत्यक्ष काय करायचं. रुग्णालयात काम करणाऱ्याला संपाचा विचार करताना एक प्रश्न टाळता येत नाही आणि टाळूही नये: माझा रुग्ण कोण बघेल? अत्यावश्यक सेवा हा शब्द सरकार आपल्याविरुद्ध वापरतं, पण आपली सेवा अत्यावश्यक आहे हे खोटं नाही. त्यामुळे आंदोलन ठरवताना आम्ही सर्वांत आधी ड्युटीचा तक्ता बनवायचो. अपघात विभाग, प्रसूतिगृह, अतिदक्षता, नवजात कक्ष, डायलिसिस, रक्तपेढी इथं कोण उभं राहणार, नावानिशी. तो तक्ता नोटिशीसोबत अधीक्षकांना द्यायचो आणि बाह्यरुग्ण विभागाच्या दारावरही लावायचो. तुमच्या प्रयोगशाळेतही तातडीच्या तपासण्या कोणत्या, नेहमीच्या कोणत्या, हे आधी लिहून ठेवा. रुग्णाच्या नातेवाइकाला दिसतं की बाळंतपण थांबलेलं नाही, तेव्हा त्याचा राग आपल्यावरून उठतो. मग तोच विचारतो, 'सिस्टर, एका रात्रपाळीला एका वॉर्डात तुम्ही एकट्याच?' तो प्रश्न त्यानं आमदाराला विचारला की आपलं अर्धं काम होतं.

संपाच्या आधीच्या पायऱ्या कमी लेखू नका. काळ्या फिती, जेवणाच्या सुट्टीतली द्वारसभा, सुट्टीच्या दिवशीचं धरणं, पालकमंत्र्यांना शिष्टमंडळ. कामेश्वर प्रसाद निकालामुळे शांततापूर्ण निदर्शनांना घटनेचा आधार आहे. मेस्माचा आदेश संपाला अडवतो, तक्रार मांडायला अडवत नाही. पण स्थानिक जमावबंदीचा आदेश आहे का, पोलीस परवानगी हवी का, हे मात्र दर वेळी तपासा.

वेळ कोणती निवडायची, यावर नवीन पदाधिकारी फारच कमी विचार करतात. आपल्या बहुतेक मागण्या पैशांच्या असतात. आरोग्य विभागाचा अधिकारी बैठकीत मान डोलावतो, 'रास्त आहे' म्हणतो, आणि फाइल वित्त विभागात जाऊन अडते. म्हणून मागणी मार्चच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात मांडली तर उशीर झालेला असतो. ती आदल्या पावसाळ्यात मांडायची, हिवाळी अधिवेशनाच्या पुरवणी मागण्यांआधी आकडेवारीसकट वित्त विभागाच्या टेबलावर जायला हवी. किती पदं रिक्त, बाहेरून करून घेतलेल्या तपासण्यांवर किती खर्च होतो, कायम पद भरलं तर किती होईल. हा हिशेब संघटनेनं स्वतः करून द्यायचा. फाइल कोणत्या कार्यासनात आहे, हे ज्याला माहीत असतं त्याचं ऐकून घेतलं जातं.

बैठकीत मिळालेलं तोंडी आश्वासन घेऊन कधीच उठायचं नाही. इतिवृत्त मागायचं. इतिवृत्तात काय लिहिलं ते वाचायचं, चुकलं असेल तर त्याच आठवड्यात लेखी हरकत द्यायची. 'सकारात्मक विचार करण्यात येईल' या वाक्यावर आंदोलन मागे घ्यायची वेळ आली तर निदान तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याचं पदनाम त्यात घालून घ्या. शासन निर्णय निघेपर्यंत मागणी मान्य झाली असं सभासदांना सांगू नका. आणि संप झालाच असेल तर तडजोडीतलं पहिलं कलम कारवायांचं: निलंबनं, सेवाखंड, संपाच्या दिवसांची रजा. हे कलम शेवटी ठेवलं की घाईत राहून जातं आणि एखाद्या शिपायाच्या निवृत्तीच्या कागदांत वर्षांनी उगवतं.

कंत्राटी सहकाऱ्यांबद्दल वेगळं लिहिते, कारण तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेखच नाही. तुमच्या प्रयोगशाळेत, औषध भांडारात, रात्रपाळीत आज त्यांची संख्या किती आहे ते मोजा. आपण संपावर गेलो की रुग्णालय त्यांच्या खांद्यावर चालवलं जातं, आणि त्यांचा करार दर वर्षी नूतनीकरणाला येतो म्हणून त्यांना नाही म्हणता येत नाही. त्यांना फितूर म्हणणं हा अन्याय आहे. आपल्या निवेदनातली पहिली किंवा दुसरी मागणी त्यांच्या समायोजनाची आणि समान वेतनाची असायला हवी, तळाला कुठेतरी नाही. नियमांमुळे ते आपल्या संघटनेचे सभासद होऊ शकत नसतील तर त्यांची स्वतंत्र संघटना नोंदवायला मदत करा आणि तालुका पातळीवर संयुक्त कृती समिती करा. नव्या संहितेत संघटना नोंदवायला आस्थापनेतले 10 टक्के किंवा 100 कामगार, यांपैकी कमी तेवढे लागतात, आणि निदान सात तरी. ठेकेदाराचे कामगार विखुरलेले असतात, पण हे अशक्य नाही.

आता वर्गणी, कारण तुम्ही कोषाध्यक्ष आहात आणि मला ते पद अध्यक्षपदाइतकंच मोठं वाटतं. पगारातून कपात होत असली तरी वर्षातून एकदा प्रत्येक सभासदाला प्रत्यक्ष भेटून त्याची सही घ्या. कपात उद्या बंद झाली तर त्या भेटीच तुमची संघटना टिकवतील. जमाखर्च दर तीन महिन्यांनी फलकावर लावा. मोबाइलवरून पैसे आले तरी पावती द्या. बाहेरच्या कोणत्याही आंदोलनाला निधी द्यायचा असेल तर मान्यतेच्या अटी वाचून, कार्यकारिणीचा ठराव करून द्या किंवा सभासदांना वैयक्तिकरीत्या द्यायला सांगा. टपाल संघटनांवर ओढवलं ते विसरू नका.

'संघटना करणार काय' असं जो विचारतो त्याला पेन्शनची गोष्ट सांगायच्या आधी त्याची स्वतःची अडचण विचारा. थकलेला महागाई भत्त्याचा फरक असेल, आश्वासित प्रगती योजनेचा (बढती न मिळाल्यास ठरावीक वर्षांनी वरची वेतनश्रेणी) अडलेला लाभ असेल, वैद्यकीय प्रतिपूर्तीचं बिल असेल. ते काम महिनाभरात करून द्या. मोठ्या लढ्याला माणसं त्यानंतर येतात. नव्यानं लागलेल्या, परिविक्षा कालावधीत असलेल्या मुलामुलींना सभासद करून घ्या, पण आंदोलनात त्यांना पुढच्या रांगेत बसवू नका आणि निवेदनावर पहिली सही त्यांची घेऊ नका. त्यांच्यावर कारवाई करायला प्रशासनाला फारसे कष्ट पडत नाहीत.

तुमच्या शाखेची पुढची सभा कधी आहे ते कळवा. मागणीपत्राचा मसुदा आणि रिक्त पदांचा तक्ता तयार केलात तर इथेच टाका, सभासदांची नावं काढून. वित्त विभाग कुठे बोट ठेवेल ते मी वाचून सांगते.